मोटर लावलेली सायकल: चेन उतरते, इंजिन सुरू होत नाही, तर आधी काय बघायचं?

एरवी मी इथे फोनची बॅटरी, ॲपच्या परवानग्या, स्टोरेज अशा विषयांवर लिहितो. आजच्या विषयाला ग्रीस लागलेलं आहे. साध्या सायकलला पेट्रोल इंजिनाचं किट बसवायचं आणि ती फटफट पळवायची, ही हौस माझ्या ओळखीतल्या बऱ्याच डिप्लोमाच्या पोरांना आहे. किट ऑनलाइन येतं, व्हिडिओ बघून बसवलं जातं आणि मग दोन तक्रारी सुरू होतात. एक, सुरूच होत नाही. दोन, सुरू झाली की चेन उतरते.

जवळजवळ सगळेजण पहिल्या तक्रारीच्या मागे लागतात, कारण ती जास्त चिडवणारी असते. माझं मत उलट आहे. इंजिन सुरू झालं नाही तर फक्त घाम निघतो. चेन अडकली तर हात मोडतो. म्हणून चेन धड होईपर्यंत इंजिन सुरू करायच्या भानगडीतच पडू नका.

पण त्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती कुठल्याच किटच्या डब्यावर लिहिलेली नसते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाकांच्या गाडीचं इंजिन २५ सीसीपर्यंत असेल तर ती ‘मोटार वाहन’ धरली जात नाही. त्याच्या पुढे गेलात की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं लागतं. किटवर ‘८० सीसी’ छापलेलं असतं. आतला सिलिंडर सहसा ४७ मिमी व्यासाचा आणि पिस्टनचा प्रवास ३८ मिमी. गुणाकार करून बघा, साधारण ६६ सीसी येतात. म्हणजे ८० नाहीत, पण २५ च्या कितीतरी पुढे. अशी घरी जोडलेली गाडी आरटीओत नोंदवायचा सरळ रस्ता नाही, त्यामुळे ती रिंग रोडवर काढायची नाही. कॉलेजचं मैदान, स्वतःचं शेत, बंद आवार, एवढीच तिची जागा. परवानगी घेऊन.

लूना आणि किटवाली सायकल यांत फरक काय?

पेडल असलेली मोटरगाडी आपल्या घरांना नवीन नाही. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ५० सीसीची लूना बाजारात आणली. पेडल मारून सुरू करायची, आणि पेट्रोल संपलं तर तेच पेडल मारत घरी यायचं. तुमच्या बाबांना किंवा काकांना विचारा, एखादा तरी किस्सा निघेलच. किटवाली सायकल वरवर तशीच दिसते. पण लूनाचं इंजिन, चेन, चाक आणि ब्रेक हे सगळं कारखान्यात एकत्र विचार करून बनवलेलं होतं आणि तिला नंबर प्लेट होती. किटमध्ये मात्र इंजिनाची ताकद चाकापर्यंत पोचते ती चाकाच्या तारांवर, म्हणजे स्पोकवर, नटबोल्टने आवळलेल्या एका दातेरी चकतीतून. त्या तारा माणसाच्या पायाच्या जोरासाठी बनवलेल्या असतात. चेनचं अर्धं दुखणं इथे सुरू होतं.

जरा आकडे बघू. या किटच्या इंजिनात आतल्या गिअरचं प्रमाण साधारण ४.१ असतं. बाहेरचं छोटं स्प्रॉकेट १० दात्यांचं आणि चाकावरचं ४४ दात्यांचं, म्हणजे अजून ४.४. एकूण १८ च्या आसपास. इंजिन मिनिटाला ५००० फेरे फिरलं तर २६ इंची चाक २७७ फेरे फिरतं, आणि वेग निघतो तासाला सुमारे ३४ किमी. या वेगाला इंजिनची चेन दर सेकंदाला अडीच मीटरहून जास्त धावत असते.

आता खरा मुद्दा. सायकलला दोन चेन आहेत. उजवीकडची पेडलची आणि डावीकडची इंजिनची. पेडलची चेन उतरली तर पाय मोकळे फिरतात, बस. कारण तिथे फ्रीव्हील आहे, चाक चेनशिवाय पुढे फिरू शकतं. डावीकडे फ्रीव्हील नाही. ती चकती तारांना पक्की बांधलेली आहे. त्यामुळे ही चेन उतरून चकती आणि फ्रेमच्या मध्ये अडकली, किंवा तारांमध्ये गेली, तर मागचं चाक जागच्या जागी थांबतं. तुम्ही थांबत नाही.

चेन: बघायचं कसं

माझा मामेभाऊ डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, नंदनवनला राहतो. त्याचा मेसेज होता, ‘दादा, सुरूच नाही होऊन राहिली, अन् झालीच तं चेन उतरून राहिली.’ मी गेलो तेव्हा पार्किंगमध्ये सायकल उलटी ठेवून तो आणि त्याचे दोन मित्र चेनवर तेल ओतत होते. तेलाने चेन उतरायची थांबत नाही. ती आधी वाकडी धावते, मग उतरते. म्हणून ती कुठे वाकडी धावते हे बघायचं. आणि इथे तुमच्या खिशातला फोन पान्यापेक्षा जास्त कामाचा आहे.

प्लगची टोपी काढून ठेवा, म्हणजे इंजिन चुकूनही सुरू होणार नाही. क्लचचा दांडा दाबून त्याच्या खटक्यात अडकवा. सायकल सरळ उभी ठेवून मागचं चाक उचललेलं राहील असं करा. पेट्रोलची टाकी असलेली सायकल उलटी ठेवू नका. आता फोन सायकलच्या मागे, चकतीच्या उंचीवर, विटेला टेकवून ठेवा. स्लो मोशन लावा आणि एकाने हळूहळू पेडल फिरवून चाक फिरवू द्या. हात चेनपासून लांब. फिरत्या चेनला फडकं लावून पुसायची सवय असेल तर आजच सोडा, त्या फडक्याबरोबर बोट आत जातं.

व्हिडिओत दोन गोष्टी शोधायच्या. चकती डावी-उजवीकडे डुलते का? डुलत असेल तर तिचे नट सारखे आवळलेले नाहीत. आणि चेन एका जागी ताठ, अर्ध्या फेऱ्यानंतर सैल होते का? तसं असेल तर चकती चाकाच्या मधोमध बसलेली नाही. डोळ्याला यातलं काही नीट दिसत नाही, फोनला दिसतं.

भावाच्या चकतीत तिसराच घोळ निघाला. ही चकती ९ बोल्टवर बसते आणि ती ३६ तारांच्या चाकासाठी बनवलेली असते, प्रत्येक ४ तारांमागे १ बोल्ट. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या चाकाला बऱ्याचदा ४० तारा असतात. ९ ने ४० ला भाग जात नाही. मग काही बोल्ट तारांना घासून, त्यांना बाजूला ढकलून बसतात, आणि कितीही आवळलं तरी चकती सरळ होत नाही. याच्यावर जुगाड नाही. चाक बदला, किंवा या सायकलवर किट बसवायचा नाद सोडा. किट मागवण्याआधी तारा मोजायला दोन मिनिटं लागतात.

त्याने ३६ तारांचं चाक आणलं. चकती बसवताना ९ नट एकामागोमाग गोल गोल आवळायचे नाहीत. एक आवळला की समोरचा, थोडा थोडा, तीन-चार फेऱ्यांत. दर फेरीनंतर परत व्हिडिओ.

चकती सरळ झाल्यावर उरतो तो टेन्शनर. चेन ताणून धरणारा हा छोटा रोलर फ्रेमच्या मागच्या नळीला पट्टीने आवळलेला असतो. ती नळी गोल असते, बऱ्याच सायकलींत निमुळती असते, आणि इंजिनच्या धक्क्यांनी रोलर हळूहळू आतल्या बाजूला, म्हणजे तारांकडे, फिरतो. भावाच्या चाकाच्या दोन तारांवर चमकदार ओरखडे होते. रोलर तिथे लागून गेला होता, त्याला पत्ताच नव्हता. अजून दोन-तीन मिलिमीटर फिरला असता तर रोलर तारांच्या मध्ये शिरला असता. त्याच्या मित्रांनी इंजिन सुरू करायचा हट्ट तिथे सोडला.

टेन्शनरवर जितका कमी भार, तितका तो कमी फिरतो. म्हणून क्रम असा. आधी मागचं चाक त्याच्या खाचेत सरळ बसवून पेडलची चेन नीट करायची, कारण चाक पुढे-मागे केलं की दोन्ही चेन बदलतात. मग इंजिनची चेन जितकी कमी करता येईल तितकी करायची. उरलेली किरकोळ ढील तेवढी टेन्शनरने घ्यायची. रोलर चेनला जोरात वर दाबतोय असं दिसलं तर चेन लांब आहे, एक जोडकडी काढा. चेन जिथे सगळ्यात ताठ आहे तिथे मधोमध बोटाने वर-खाली केल्यावर साधारण १२ ते १५ मिमी हलली पाहिजे. एकदम ताठ चेन दिसायला छान दिसते, पण बेअरिंग खाते.

चेनच झिजली आहे का हे पट्टीने कळतं. पिनेपासून पिनेपर्यंतचं अंतर १२.७ मिमी असतं, म्हणजे अशी २४ अंतरं मिळून ३०४.८ मिमी. चेन ताणून मोजल्यावर ३०८ च्या आसपास भरली तर ती गेली. नवी घ्या, आणि छोट्या स्प्रॉकेटचे दाते हुकासारखे वाकले असतील तर तेही बदला. जोडकडीच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला हवं. उलटं लावलं तर ती कुठेतरी घासून निघू शकते.

एवढं सगळं करूनही दहा मिनिटांत चेन सैल होत असेल तर टायर बघा. तो उजव्या नळीकडे सरकलाय का? इंजिन डाव्या बाजूने ओढतं, त्यामुळे एक्सलचं डावं टोक खाचेत पुढे घसरतं आणि चाक तिरकं होतं. चेनचा काही दोष नाही, एक्सलचे नट ढिले आहेत.

आता इंजिन

आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना एक साधी गोष्ट करतो. सगळीकडे हात घालत नाही, समस्या मधून कापतो. चूक या अर्ध्यात आहे की त्या अर्ध्यात? मग त्या अर्ध्याचे परत दोन भाग. आणि एका वेळी एकच बदल. माझ्या भावाने विक्रेत्याच्या फोनवरच्या सल्ल्याने आधी प्लग बदलला, मग सीडीआय, मग कार्बोरेटर. तिन्ही नवे, आणि सायकल तशीच.

पहिला काप: क्लच सोडल्यावर इंजिन फिरतं का? या सायकलला किक नसते. क्लच दाबून पेडल मारायचं, थोडा वेग आला की क्लच सोडायचा, चाक इंजिनला फिरवतं. क्लच सोडल्यावर सायकल जड झाली नाही, इंजिनचा आवाजच आला नाही, तर स्पार्क आणि पेट्रोल तपासण्यात अर्थ नाही. क्लचची केबल जास्त ताणलेली आहे, क्लच पूर्ण बसतच नाही. केबल सैल करा.

इंजिन फिरतंय पण पेटत नाही, तर दुसरा काप. पाच-सहा वेळा प्रयत्न करा, मग प्लग काढून त्याचं टोक बघा. पेट्रोलने ओलं असेल तर पेट्रोल पोचतंय, संशय स्पार्कवर. कोरडं खणखणीत असेल तर संशय पेट्रोलवर. पुढची निम्मी मेहनत या एका नजरेत वाचते.

स्पार्क तपासायची यूट्यूबवाली पद्धत मला आवडत नाही. प्लग काढून तिथेच सिलिंडरला टेकवायचा आणि इंजिन फिरवायचं. प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलचा फवारा बाहेर येतो आणि ठिणगी शेजारीच. त्यापेक्षा इंजिनातला प्लग आतच राहू द्या. दुसरा एक प्लग टोपीत घाला, त्याचा धातूचा भाग सिलिंडरच्या पंख्यांना तारेने घट्ट बांधा, पेट्रोलचा कॉक बंद करा, पेट्रोलची बाटली लांब ठेवा, आणि सावलीत इंजिन फिरवा. निळसर, टकटक ठिणगी दिसली पाहिजे. टोपी हातात धरू नका, झटका जबरदस्त बसतो.

ठिणगी नसेल तर सीडीआय मागवण्याआधी बंद करायच्या बटणाच्या, म्हणजे किल स्विचच्या वायरी काढून टाका. हे बटण स्पार्कचा करंट शॉर्ट करून इंजिन बंद करतं. त्याच्या वायरीचं कव्हर कुठे खरचटलं आणि ती फ्रेमला टेकली की बटण कायम दाबल्यासारखंच होतं. भावाच्या सायकलला नेमकं हेच झालं होतं. हँडलच्या मुळाशी वायर चिमटली होती. हँडल सरळ असताना कधीमधी इंजिन पेटायचं, उजवीकडे वळवलं की बंद पडायचं. ‘वळताना बंद पडते’ हे त्याने विक्रेत्याला सांगितलंच नव्हतं, कारण त्याला ते महत्त्वाचं वाटलं नाही. कुठल्याही बिघाडात ‘कधी होतं’ हे ‘काय होतं’ याच्याइतकंच लिहून ठेवा. फोनच्या नोट्समध्ये दोन ओळी पुरतात. (मॅग्नेटोतून येणारी पांढरी वायर मोकळी दिसली म्हणून कुठेतरी जोडू नका. टोकाला टेप लावून सोडून द्या. निळी निळीला, काळी काळीला.) बटणाचा दोष सापडला की वायर नीट बदलून बटण परत जोडा. मैदानावरसुद्धा इंजिन बंद करायची सोय हवीच.

आता कोरडा प्लग. कॉकपासून कार्बोरेटरपर्यंतचा पाइप काढून पेट्रोलची धार बघा. धार नाही तर जाळी किंवा कॉक तुंबलाय. धार आधी येते आणि मग थांबते, टाकीचं झाकण उघडल्यावर परत येते, तर झाकणाचं हवेचं बारीक भोक बंद आहे. गाडी पाच मिनिटं छान चालून दम तोडते, थोड्या वेळाने परत सुरू होते, याचंही बऱ्याचदा हेच कारण असतं. फुकटात बरं होणारं दुखणं.

धार चांगली आहे तर पेट्रोलच बघा. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे, तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. १ लिटरला ४० मिली म्हणजे २५ ला १ हे प्रमाण. टू-टी ऑइल मागा. बाइकच्या इंजिनात ओततो ते फोर-टी इथे चालत नाही. तेल ‘जरा जास्तच बरं’ म्हणून दुप्पट घातलं की प्लग काळा चिकट होतो, आणि अजिबात न घालता चालवलं तर पिस्टन जाम होतो.

आणि एक नवीन भानगड. पंपावर आता मिळतं ते ई-२० पेट्रोल, त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात अर्धी टाकी भरून दोन महिने सायकल उभी ठेवली तर पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसू शकतं, आणि कॉक नेमका तळातूनच ओढतो. थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. दोन थर दिसले तर ते फेका, पण नालीत नाही, गॅरेजवाल्याला द्या. नागपूरच्या मे महिन्यात उलटं होतं. ४५ अंशांत पेट्रोलचा लवकर पेटणारा हलका भाग उडून जातो आणि उरलेल्यावर इंजिन पेटायला कुरकुरतं. ताजं, लागेल तेवढंच मिसळा.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी नाही? मग कॉम्प्रेशन. प्लगची टोपी लांब करून, प्लग काढून, कॉक बंद करून, भोकावर अंगठा दाबा आणि कुणाला तरी पेडल फिरवायला सांगा. अंगठा उडवला गेला पाहिजे. नुसती फुंकर येत असेल तर सिलिंडरच्या डोक्यावरचे ४ नट बघा, थरथरीने ते ढिले होतात. तेही समोरासमोरच आवळायचे, आणि थंड इंजिनवर. एवढ्यानेही होत नसेल तर जुन्या लूना-स्कूटरवर हात बसलेला मिस्त्री गाठा. गॅस्केट आणि पिस्टन रिंगचं काम व्हिडिओ बघून शिकायचं असेल तर आधी एखादं भंगारातलं इंजिन उघडा.

सुरू झाली की पहिली फेरी पाच मिनिटांची. हेल्मेट, बूट, आणि चेनवर गार्ड. पायजम्याचा घोळ किंवा ओढणी डावीकडे जाता कामा नये. थांबून, इंजिन बंद करून, चकतीचे ९ नट, एक्सल आणि टेन्शनर हाताने तपासा. टेन्शनरच्या पट्टीवर आणि नळीवर मिळून मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की टेन्शनर हलला, लगेच कळतं.

ज्यांच्याकडे इलेक्ट्रिक किट आहे त्यांच्यासाठी थोडंसं. मोटर चाकाच्या मध्यभागी असेल तर डावीकडच्या चेनचा प्रश्नच नाही. २५० वॉटपेक्षा कमी ताकद, ताशी २५ किमीपेक्षा कमी वेग आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजन अशा सायकलला नोंदणीतूनही सूट आहे, म्हणजे ती रस्त्यावर काढता येते. ती सुरू होत नसेल आणि डिस्प्ले मात्र पेटत असेल, तर कंट्रोलर बदलण्याआधी ब्रेकचे दोन्ही दांडे बाहेर ओढून बघा. ब्रेक दाबला की मोटर बंद करणारा एक सेन्सर त्यात असतो. दांडा धुळीने अर्धवट अडकला की सायकलला वाटतं तुम्ही ब्रेक धरून बसला आहात. सेन्सरचा कनेक्टर मिनिटभर काढा. मोटर फिरली तर दोष सापडला. दांडा साफ करा आणि कनेक्टर परत लावा.